वहीत नाव नाही

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या एकतीसही वह्या दुकानातून आलेल्या फोटोंवरून टाइप करून घेतल्या. काल त्या फायलीत माझं नाव शोधलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, एकदाही नाही. ‘मुलगा’ सात वेळा आला, तेही सगळे गिऱ्हाइकांचे. दुकान न चालवता मी निघून आलो तेव्हापासून बाबा शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. वहीतही त्यांनी मला जागा दिली नाही, हे आता सिद्धच झालं. महिनाअखेर दुकान रिकामं करायचंय, तेव्हा वह्या रद्दीवाल्याला देऊन टाक.

तुझ्या गुडघ्यांचंही नेटवर पाहिलं. जिने चढू नकोस.

लोभ ठेव.
टिल्लू

९ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वह्या अर्ध्या मिनिटात! अरे दीडशहाण्या, बाप चाळीस वर्षं लिहीत होता आणि तू त्यात स्वतःचं नाव तेवढं बघितलंस? याला वाचणं म्हणत नाहीत. चौकशीच्या खिडकीत डोकं घालून ‘माझं काही आलंय का’ विचारलंस आणि ‘नाही’ ऐकून चालता झालास.

ग्रंथालयात जन्म गेला माझा. पुस्तक नको, फक्त पान सांगा, म्हणणारे तिथे रोज यायचे. त्यांना निदान लाज वाटायची. लहानपणी तू पुस्तक घेऊन बसलास की जेवायच्या चार हाका वाया जायच्या. आता दुसऱ्या पानावर जीव घाबरा होतो तुझा! आणि गुडघ्यांना डॉक्टर आहेत. त्यांनी जिने चढायलाच सांगितलेत.

रद्दीवाल्याला कागदाचा कपटाही मिळणार नाही. चोविसावी वही पार्सलने पाठवतेय. पहिल्या पानापासून वाच.

लोभ आहेच, पण तुझ्या अकलेवर नाही.
आत्या

१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वही मिळाली. तीन पानं कशीबशी वाचली. तेल, स्प्रिंगा, झिजलेले दाते. डोळे घसरतात गं. शेवटी फोनकडून फायलीचा सारांश काढून घेतला: ‘घड्याळांच्या बिघाडांच्या नोंदी. कौटुंबिक मजकूर आढळत नाही.’ झालं समाधान? काही असेलच तर सरळ पान सांग ना.

राग मानू नकोस.
टिल्लू

१८ मार्च

चि. टिल्लूस,
अ. आ.

पान सांगणार नाही. सारांश म्हणे! उद्या घासही दुसऱ्याकडून चावून घेशील.

कीव आली म्हणून एवढंच सांगते. दादा वहीत कुणाचंच नाव लिहीत नसे. दारात माणूस दिसला की त्याला आधी घड्याळ आठवायचं. म्हणून ज्याच्या त्याच्या घड्याळाची खोड, तेच त्याचं नाव. घरच्यांनाही त्याने अशाच खोडी चिकटवल्या होत्या. त्याच दुकानात वाढलास तू, हे तुला ठाऊक होतं. फोनला ठाऊक नव्हतं, आणि तू विचारलंस फोनला!

आता वाच, नाहीतर मरेपर्यंत बापावर रुसून बस.
आत्या

२७ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

वही संपली. आठ दिवस लागले. पहिले दोन दिवस स्वतःचीच शिसारी आली. पान संपायच्या आत हात फोनकडे जायचा. ‘गजर न थांबणारं’ म्हणजे तू, हे कळलं तेव्हा एकटाच मोठ्याने हसलो.

मग ‘पुढे पळणारं’ भेटलं. “पुढे पळणारं आज कॉलेजातून उशिरा आलं. ताट झाकून ठेवलं.” असं पानापानावर. शेवटच्या नोंदीवर मी घर सोडलं त्या दिवसाची तारीख आहे. “पुढे पळणारं आज गाडीत बसलं. मी निरोपाला गेलो नाही. ते पुढे पळतं, पुढे पळतं, असं इतकी वर्षं म्हणत आलो. माझंच मागे पडत असेल. उघडून बघायला हवं.”

आत्या, मी बावळट आहे. सवयीने ते दोन शब्द फायलीत टाकलेच. दोनशे बारा वेळा आले. एकही न उघडता मी यंत्र बंद केलं.

शनिवारी येतोय. दुकानाची किल्ली कुणाला देऊ नकोस. तीस वह्या राहिल्यात. बाबांच्या स्टुलावर बसून पहिलीपासून वाचणार आहे.

माया असू दे.
पुढे पळणारं