पिवळा झेंडा

मंगळवार, २१ जानेवारी

धाकटे,

रविवारी, १९ जानेवारीला, दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी, विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मुलींच्या चार बाय शंभर रिलेच्या अंतिम शर्यतीत तुझ्या हातातला पिवळा झेंडा वर गेला आणि माझ्या नातीचा, चिंगीचा, पहिला आलेला संघ बाद झाला. तक्रार लिहायची तर तारीख आणि वेळ आधी, रडगाणं नंतर, हे कॉन्व्हेंटमध्ये मदरने आपल्या दोघींच्या बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं. माझी बोटं विसरलेली नाहीत.

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत. मी बरी आहे, गुडघा बरा नाही. तू कशी आहेस ते विचारत नाही. दिसलीस की. ती पंचांची टोपी तुला शोभत नाही.

आता मुद्दा. चिंगीचा पाय रेषेपलीकडे पडला म्हणे. पडला असेल! नियम पायाचा नाही, बॅटनचा आहे. आखलेल्या जागेत बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की काम झालं, मग पाय स्वर्गात पडो. हे मला कुणी शिकवलं? तू. कॉलेजच्या संघात तू तिसरी धावायचीस, मी चौथी. "ताई, मागे बघायचं नाही. मी हाक मारली की नुसता हात मागे करायचा." आणि वाण्याचा तराजूसुद्धा दोनदा तपासणारी मी, तुझ्या एका हाकेवर न बघता हात मागे करायचे. तो एकदाही रिकामा राहिला नाही. इतकं मी नवऱ्याच्या बाबतीतही म्हणू शकत नाही.

मग झालं काय? आधी मी मनाची समजूत घातली, की तू घाबरलीस. नातलग म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून घरच्याच पोरीचा बळी दिलास. आयुष्यभर वॉर्डात मेट्रन होते मी. कामचुकार नर्सांचे खोटे ताप थर्मामीटर न लावता ओळखायचे. तुझा निःपक्षपातीपणा मी त्याच जातीचा ठरवला.

जिने उतरून मी कुंपणापाशी आले. कशी आले ते माझ्या गुडघ्याला विचार. आणि तू काय म्हणालीस? "बाई, प्रेक्षकांनी इथे उभं राहू नये."

बाई! मला! लहानपणी मी तुझं शेंबडं नाक माझ्या फ्रॉकला पुसलं आहे.

"झेंडा खाली घे आधी," मी म्हटलं, "हात दुखेल."

तू घेतलास. तेवढ्यात मुख्य पंच आले, "काय झालं मॅडम?" म्हणाले, आणि तू गवताकडे बघत पुटपुटलीस, "रेषेबाहेर." मान वर केली नाहीस. खोटं बोलताना तू लहानपणीही अशीच चपलांकडे बघायचीस.

वसतिगृहात चिंगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पायातले बूटही काढले नव्हते. तिचं हे शेवटचं वर्ष. जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठी संघ निवडतील तो या निकालावरून. बाकीच्या तिघी तिच्याशी गोड बोलत होत्या, आणि असलं गोड बोलणं शिव्यांपेक्षा वाईट. दार लोटल्यावर ती म्हणाली, "आजी, बॅटन आत असतानाच माझ्या हातात आलं होतं. मला कळतं ना! तू वरून बघत होतीस. तू बघितलंस ना?"

मी म्हटलं, "हो गं. बघितलं की."

लगेच उठून बसली. प्रशिक्षकांना सांगून आली. शनिवारी सकाळी फेरविचार समिती बसते, तिथे साक्षीदार म्हणून मला उभं करणार आहेत. कॅमेरा मेला फक्त शेवटच्या रेषेवर होता.

आणि मी बघितलं नव्हतं, धाकटे.

मी त्या मैदानावर नुसती नातीसाठी आले नव्हते. दारातल्या फलकावर पंचांच्या यादीत तुझं नाव वाचलं होतं. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली होती, शर्यत संपल्यावर तू येशील म्हणून. आईचं शिलाई मशीन कुणी न्यायचं यावरून आपण बोलणं टाकलं, आणि शिवता दोघींपैकी एकीलाही येत नाही! ते मशीन माझ्या कोठीत आहे. मी त्यावर रद्दी ठेवते.

तिसरी मुलगी वळणावर आली तेव्हा तू वर पाहिलंस. मला पाहिलंस. मी उभी राहिले आणि हात केला. इतक्या वर्षांनी. आणि तूही हात केलास, तोंडभर हसून, पूर्वीसारखा. त्या हातात झेंडा आहे हे तू विसरलीस.

तो झेंडा शर्यतीसाठी नव्हताच. माझ्यासाठी होता. मला हे त्याच क्षणी कळलं होतं, तरी मी कुंपणापाशी येऊन तुझ्यावर ओरडले, कारण नाहीतर मला रडू आलं असतं.

पण म्हणून मी तुला सोडणार नाही. हात करणं ही चूक. "रेषेबाहेर" म्हणणं हा गुन्हा. माझ्यावरच्या मायेची किंमत चार पोरींनी का मोजावी? बॅटन आत होतं असं लिही म्हणत नाही मी, ते तू पाहिलंच नाहीस. एवढंच लिही: "झेंडा चुकून वर गेला, मी पाहत नव्हते." पंचाने पाहिलं नाही तर संघ बाद होत नाही, हाही तुझाच धडा. तुझी टोपी जाईल. जाऊ दे, सांगितलं ना, शोभत नाही.

लिहिलं नाहीस तर शनिवारी मी उभी राहीन आणि आपण दोघी कुठे बघत होतो ते सगळ्यांसमोर सांगेन. चिंगीला कळेल की आजी खोटं बोलली. कळू दे. पण ते माझ्याआधी तू सांगावंस असं मला वाटतं.

लेखी उत्तर शुक्रवार, २४ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत. एक प्रत समितीला, एक मला. फोन करू नकोस, फोनवर आपण मशीनवर घसरतो.

मी मागे वळून बघणार नाही. हाक तू मारायचीस.

हात मागे करून उभी,
ताई