गल्ल्यामागचा फोटो

रोहा, ९ जुलै २०२४

ती. सरूताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर मनस्वी ऐकते, म्हणून टपालाने लिहितेय. दोन खोल्यांत कुठे जाऊन बोलू?

गेल्या शुक्रवारी तिला काळुरामशेठच्या दुकानात धरलं. दप्तरात लिपस्टिक सापडली. सातवीतली पोर गो! मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत होते, तिथून बोलावून नेलं. का घेतलीस विचारलं तर म्हणते, माहीत नाय. मारलं तरी तेच. आता मलाही वाटतं, तिला खरंच माहीत नसावं.

शेठनी पोलिसात दिलं नाही, पण कॅमेऱ्यातला फोटो छापून गल्ल्यामागे चिकटवला. खाली लाल अक्षरांत, चोरी करताना पकडली. सगळी आळी तिथूनच दूध नेते. मनस्वी शाळेत जात नाही. ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. शिफ्टवरून येतात, जेवतात, झोपतात. बापलेकीची ताटं मी वेगवेगळ्या वेळी वाढते. ताई, मला रागसुद्धा येत नाही, नुसता शीण आलाय.

माया कमी करू नकोस.
तुझी रंभा

पेण, १५ जुलै २०२४

चि. रंभास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहान पोरीचा फोटो असा लावता येत नाही, शेठना तसं ठणकावून सांग. नाही ऐकलं तर मी येते. माझा आवाज कुठवर जातो ते तुला ठाऊक हाय.

मनस्वीला इकडे पाठव. इथल्या शाळेत नाव घालू. कारखान्यात गणपतींचं रंगकाम जोरात आहे, तुझ्या दाजींना हाताखाली कुणीतरी हवंच. पेणात तिला कोण ओळखतंय? तुलाही जरा उसंत मिळेल. आणि प्रवीणरावांना म्हणावं, बापाने असं तोंड शिवून बसू नये.

वेळेवर जेवत जा. वाळून काटकी झालीस तर गणपतीला मोदक कोण वळणार?

तुझी सरूताई

रोहा, २ ऑगस्ट २०२४

ती. सरूताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. मी बॅग भरली. मनस्वीने ती रिकामी केली. म्हणाली, मी गेले तरी फोटो इथेच राहणार, वर लोक म्हणतील पळाली. शेठना जाऊन सांगितलं, ते म्हणाले बघू. भांडायचं त्राण नव्हतं, परत आले.

दुसऱ्या सकाळी ती स्वतःच दुधाला निघाली. त्याच दुकानात. मी कोपऱ्यावर थांबले. बायका कुजबुजल्या. ती ओठ चावत पिशवी घेऊन आली. तेव्हापासून रोज जाते. शाळेतही जाते. बाकावर एकटी बसते.

काल आळीत नव्याने राहायला आलेल्या बाईंनी फोटोकडे बोट करून शेठना विचारलं, ही कोण हो पोरगी? शेठ तोंड उघडायच्या आत मनस्वी म्हणाली, मीच ती. अर्धा लिटर दूध द्या. शेठनी वळून फोटो ओरबाडला नि चुरगळून खिशात टाकला. तिच्याकडे बघितलंही नाही. हे मला त्या बाईंनीच दारात येऊन सांगितलं. मनस्वी घरी एक अक्षर बोलली नव्हती.

संध्याकाळी हे शिफ्टवरून आले. नाक्यावर त्यांच्याही कानावर गेलं असावं. बूट काढताना म्हणाले, मनू, चहा ठेव. एवढंच. पोरीने गडबडीत साखर दोनदा घातली. मी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. ह्यांनी सगळा संपवला.

दाजींना नमस्कार. आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी रंभा