चांगले, राहण्यालायक की जर्जर

भिलाई,
शनिवार

आदरणीय रुक्मावहिनींस सप्रेम जय भीम.

दादांचा गुडघा कसा आहे? तुमची साखर? माझी तब्येत उत्तम आहे, छताची नाही. पाऊस थांबून चार दिवस झाले, पण हे छताला कुणी कळवलेलं दिसत नाही.

काल जनगणनेसाठी घरांची पाहणी करायला हर्षा नावाची मुलगी आली. ती फाटकात दिसताच मी गळतीखालच्या तीन बादल्या, टब आणि कुकरचं भांडं पलंगाखाली सारलं. (मिशनरी सिस्टरांच्या शाळेत शिकले आहे, परक्यासमोर रडगाणं गात नाही.) फॉर्मवर घराच्या अवस्थेसाठी रकाने तीनच: चांगले, राहण्यालायक, जर्जर. छत? पक्का स्लॅब. भिंती? विटांच्या. मी मान ताठ ठेवून ‘चांगले’ म्हटलं. रिटायर्ड मेट्रनचं घर काय जर्जर लिहायचं? खोल्या तीन, माणूस एक. कुठे झोपता, तिनं विचारलं. स्वयंपाकघरात, मी म्हटलं. (बाकी दोन खोल्यांत छत्री घेऊन झोपावं लागतं, हे तिनं विचारलं नव्हतं.) तेवढ्यात वरून प्लास्टरचा पापुद्रा सुटला आणि नेमका तिच्या चहात पडला.

कार्टी हसलीसुद्धा नाही. म्हणाली, “आंटी, तुम्ही रुक्माकाकूची नणंद ना? मी त्यांच्याच गावची, उतईची आहो. परवा त्यांच्याकडे गेली होती. टाइल्सवालं नवं घर, दोन लेट्रिन, सब बढिया. तरी काकूनं ‘राहण्यालायक’च लिहायला लावलं. मी म्हटलं, कावून? तर म्हणे, एका खोलीले दोन वर्षांपासून कुलूप हाय. जिच्यासाठी बांधली, ते येऊनच नाई राहिली.”

वहिनी, ही काय रीत झाली? सरकारी फॉर्मवर नणंदेच्या चुगल्या! दर्शनी भिंतीवरच्या त्या टाइल्स पाहून मी ‘बाथरूम उलटं करून लावलंय’ म्हटलं होतं, खेड्यात मरायला येणार नाही असंही म्हटलं होतं. पण ते तुमच्या गृहप्रवेशाच्या जेवणात, पुऱ्या गार होत्या म्हणून. एवढं मनावर घेऊन खोलीला कुलूप लावायचं असतं का? हवा नको लागायला?

मी तिला ‘चांगले’ खोडायला लावलं. काय लिहिलं, ते तुम्हाला सांगणार नाही.

आपली,
सत्यशीला

ता. क. तुमच्या सुगतला पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन पाठवा. सामान फार नाही, बादल्या तेवढ्या बऱ्याच आहेत.

ता. क. २. छत दुरुस्त होईपर्यंतच राहीन, हे आत्ताच स्पष्ट सांगते. मिस्त्रीला अजून बोलावलेलं नाही.