आधी काढा, मग पेग

दादा,

फ्रिजमध्ये भुईआवळ्याच्या काढ्याच्या पाच बाटल्या होत्या. तीन तू संपवल्यास, उरलेल्या दोन मी आत्ता ओतून दिल्या. शोधत बसू नकोस.

प्रयोगशाळेत आम्ही उंदरांना आधी या झाडाचा अर्क देतो आणि मग विष. अर्कातल्या संयुगांमुळे त्यांच्या यकृताला इजा जरा कमी होते. हे मी जेवताना मोठ्या फुशारकीने सांगितलं. "म्हणजे आधी काढा, मग पेग! आमच्या शास्त्रज्ञबाईंची परवानगी आहे," असं तू म्हणालास आणि मी हसले. हसले काय, दुसऱ्या दिवशी काढा मीच उकळून दिला. उंदरांना विष एकदाच देतो, तू रोज पितोस. शिवाय यकृत तपासायला शेवटी ते उंदीर मारावेच लागतात, हे मी बोललेच नाही. तुला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून लवकर निघाले.

अकरा वाजता डॉक्टरांकडे जा. वहिनीला बरोबर ने. तिला मी काही सांगितलेलं नाही. काढा कुणी दिला तेही डॉक्टरांना सांग.

रक्ताचा रिपोर्ट चिठ्ठीखाली ठेवलाय. यकृताला इजा झाली की एसजीओटी वाढतं. ते चाळीसच्या आत हवं. तुझं दोनशे अठरा आलंय.