गाडीला सांगितलेलं बोलणं

मामा, ही हाक तुम्हाला मी आज पहिल्यांदा मारून राहिले. सासऱ्याला मामा म्हणायचं, हे उदगीरहून निघताना आईनं शिकवलं होतं. पण ते तोंडावर म्हणायचं नसतं, हे इथं मुरुडला आल्यावर कळलं. सोळा वर्षं एका घरात काढली आपण. तुमची भाकरी मी थापली, तुमच्या लिंगपूजेचं पाणी मी भरलं, तुम्ही गेलात तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं रडलेही मीच. आणि त्या सोळा वर्षांत तुम्ही माझ्याशी सरळ बोललात ते फक्त दोनदा. मी तुमच्याशी किती वेळा बोलले, ते सांगायलाच आज बसलेय.

झालं असं, की आज सकाळी तुमची पिकअप भंगारात गेली. दुकानामागं किती वर्षं नुसती उभीच होती, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. तुमच्या नातवाला तिथं शेड बांधायचंय. मी म्हटलं, न्या बाबा, सगळं न्या, पुढचा बंपर तेवढा माझा. भंगारवाला म्हणाला, आजी, कटरनं कापून देतो. माझं डोकंच सणकलं. कापायला काय ऊस आहे तो? मी पदर खोचला आणि नट खोलायचे पाने घेऊन खाली बसले. माझी सून हसायला लागली. लई गोड पोरगी आहे, पण तोंडाला कुलूप नाही. मला सरळ म्हणते, ‘मम्मी, गप बसा आता,’ आणि आपल्या सासऱ्याला म्हणते, ‘पप्पा, चष्मा डोक्यावर आहे तुमच्या, कपाटात काय शोधताय?’ तिनं विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? म्हटलं, तुझ्या आजेसासऱ्यांनी. कसं शिकवलं? म्हटलं, गाडीला सांगून. तिला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

तिला कसं समजावणार? त्या वेळी सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि बोलायचं तर नाहीच नाही. तुम्ही जे बोलायचात ते माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना. मी पाच हातांवर चुलीशी बसलेली असायची आणि तुम्ही आत्याबाईंना म्हणायचात, ‘तिला सांग, आमटीत मीठ कमी हाय.’ आत्याबाई माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगायच्या, मला ऐकूच गेलं नाही असं धरून. मग मी त्यांना म्हणायची, डबा तुमच्यापुढंच आहे म्हणावं. त्या तुमच्याकडे वळून तेही सांगायच्या. बिचारीची मान दुखत असेल. कधी त्या घरात नसल्या तर तुम्ही दाराच्या चौकटीला सांगायचात, ‘कुणीतरी चहा ठेवा म्हणावं.’ मी चहा ठेवायची. तुमचा मुलगा तिकडं किनवटला आश्रमशाळेत मास्तर, महिन्या दोन महिन्यांनी यायचा. त्यामुळं घरात आपण तिघंच, आणि त्यातले दोघं एकमेकांशी न बोलणारे.

ते दुष्काळाचं साल आठवतं तुम्हाला? जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कलेक्टर नवा, कचेरी नवी, पाट्या नव्या, फक्त पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं तुम्ही आत्याबाईंना सांगायचात आणि मी चुलीत तोंड घालून हसायची. पेंडीचं दुकान होतं आपलं, पण जनावरंच बाजारात गेली तर पेंड खाणार कोण? तुम्ही लिलावात घेतलेल्या त्या सरकारी पिकअपवर लोखंडी टाकी चढवली आणि माळावरच्या वस्तीला पाणी न्यायचा जिम्मा घेतला. दिवसाआड एक खेप. वस्तीवरच्या बाया सकाळपासून टाकीची वाट बघत बसायच्या. पूजेला तुम्ही एक पळी पाणी घ्यायचात आणि तेही नंतर तुळशीला.

एका संध्याकाळी तुम्ही लातूरहून आलात ते हात छातीशी धरून. चावडीपाशी नळाच्या रांगेतल्या घागरी पार रस्त्यावर आल्या होत्या. त्या चुकवायला तुम्ही गाडी वळवली आणि बंपरचं डावं टोक दगडी ओट्यावर आदळलं. स्टेअरिंगनं असा झटका दिला की उजवं मनगट गेलं. बंपर आत मुडपून चाकात रुतला. लोकांनी गाडी कशीबशी ढकलत दारात आणून लावली. हाताला फळ्या बांधून घेताना तुम्ही कण्हला नाहीत, एवढंच म्हणालात, ‘घागर एक फुटली न्हाई.’ हे बाजेला सांगितलंत. कारण आत्याबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला लातूरला होत्या. घरात सांगायला कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खेप होती. गाडी चालवायला तुमचा पुतण्या दुपारच्या एसटीनं येणार होता, पण त्याला स्टेअरिंग फिरवण्यापलीकडं काही येत नव्हतं. मुरुडातले दोन्ही मिस्त्री टँकर दुरुस्तीला बाहेरगावी. म्हणजे बारापर्यंत बंपर निघाला नाही तर वस्तीला पाणी नाही, एवढं साधं होतं. मी सकाळी भांडी घासताना बघत होते. तुम्ही गाडीपुढं बाज ओढून बसलेले, डाव्या हातात पाना, आणि पाना नटावर बसत नाही. तीनदा पडला. चौथ्यांदा तुम्ही तो उचललाच नाही, गाडीकडे बघत बसलात. मला तुमचा राग माहीत होता, तुमचा थकवा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मी हात धुतले, पदर दातात धरला, अंगणात आले आणि पाना उचलला.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मला वाटलं, आता उठून आत जातील. मग तुम्ही गाडीच्या दिव्याकडे बघून घसा खाकरला आणि म्हणालात, ‘गाडे, सांग तिला, आधी घासलेट सोड म्हणावं नटांवर. गंजलेत.’ मी स्टोव्हची बाटली आणली. चार नट, दोन इकडं, दोन तिकडं. घासलेट मुरेपर्यंत थांबायचं, मग हातोडीनं हलकं ठोकायचं, पान्याला पाइप घालून जोर लावायचा, हे सगळं तुम्ही गाडीला सांगत गेलात आणि मी ऐकत गेले. उजवीकडचे दोन निघाले. डावीकडचा एक निघाला. माझ्या अंगात वारं शिरलं. शेवटच्या नटाला मी हात घातला तेव्हा तुम्ही गाडीला सांगत होता, की खाली पेंडीची दोन पोती सरकवल्याबिगर त्याला हात लावायचा न्हाई. पण मला वाटलं, बोलताहेत गाडीशी, बोलू देत. नट फिरला. मुडपलेला बंपर चाकातून सुटला.

‘पोरी, पाय काढ!’

आवाज असा आला की शेजारची भिंत हलावी. पाय मी काढला की तो आपला आपण निघाला, माहीत नाही. बंपर पडला तो मागं राहिलेल्या माझ्या चपलेच्या टोकावर. अंगठा वीतभर अलीकडं होता. मी मातीत बसलेली, पदर खांद्यावर, आणि तुम्ही बाजेवरून उठून पुढं आलेले, फळ्या बांधलेला हात तसाच माझ्या दिशेनं केलेला. आपण एकमेकांकडे बघितलं. चार वर्षांत मी तुमचे डोळे बघितले नव्हते, घारे आहेत हे तेव्हा कळलं. मला म्हणायचं होतं, काढला मामा, लागलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं. पण आधी मी पदर सावरला आणि तेवढ्यात तुम्ही वळलात, आणि गाडीला म्हणालात, ‘म्हणावं, पोती कशाला सांगितली होती?’

दुसरा बंपर दुकानामागं होता, लिलावात गाडीबरोबर फुकट आलेला. त्यावर पांढऱ्या अक्षरात जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. तो मी ओढत आणला, या वेळी गुमान पोत्यांवर ठेवला, डावीकडचे बोल्ट घातले आणि सगळा जोर लावून आवळले. उजवीकडं गेले तर भोकं जुळेनात. बोटभर फरक. मी ढकलते, रेटते, घाम पुसते. तुम्ही शांतपणे गाडीला सांगितलंत, ‘आधी चारी बोल्ट हातानं लावायचे. चारी बसले की मग पाना. एकच बाजू आवळली तर दुसरी कशी बसंल?’ मला असा संताप आला, मामा! उन्हात दोन तास झाले होते, हात काळे, चप्पल फाटलेली. मी पण गाडीच्याच दिव्याकडे बघून म्हटलं, ‘गाडे, सांग त्यांना, हे आवळायच्या आधी सांगायचं असतं म्हणावं.’

मला वाटलं, संपलं आता. माहेरी पाठवतात. तुम्ही तोंड लिंबाकडं फिरवलंत आणि तुमचे खांदे हलायला लागले. हसत होता तुम्ही. सोडून पुन्हा लावला बंपर मी, चारी बोल्ट हातानं, मग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. पुतण्या एसटीतून उतरून आला तेव्हा बंपर सुतात होता आणि मी चुलीपुढं. त्यानं विचारलं, काका, कुणी बसवला? तुम्ही म्हणालात, घरचा मिस्त्री हाय. वस्तीला पाणी वेळेत पोचलं. पुढं कितीतरी दिवस लोक चिडवायचे, की मुरुडची गाडी अजून जुन्याच जिल्ह्यात चालून राहिली. तुम्ही ते नाव कधी पुसू दिलं नाहीत.

आत्याबाई परत आल्यावर तुम्ही लातूरहून कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड आणलंत आणि त्यांना म्हणालात, तिच्याजवळ दे. आत्याबाईंना वाटलं, पैंजण असतील. निघाले सहा पाने. त्या तुम्हाला दोन दिवस बोलल्या, सुनंला कुणी पाने देतं का म्हणून. माझ्याकडं अजून सहाच्या सहा आहेत, आज सकाळी त्यांनीच बंपर काढला. आधी खाली दोन पोती सरकवली, बरं का. पण तुम्ही ‘पोरी’ पुन्हा म्हटलं नाहीत. मी वाट बघायची. भाकरी वाढताना, पाणी ठेवताना, उगीच दारात रेंगाळून. म्हणाल असं वाटायचं.

म्हटलंत, शेवटी. लातूरच्या दवाखान्यात. आत्याबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळं मधे सांगायला कुणी उरलं नव्हतं. दुपार होती. मला वाटलं तुम्ही झोपलात. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, ‘पोरी, हायस का?’ आणि मी सलाईनच्या स्टँडकडे बघून म्हटलं, ‘सांगा त्यांना, आहे म्हणावं.’ तुम्ही थोडं हसलात. मग तुम्ही पण तोंड स्टँडकडं केलंत आणि म्हणालात, ‘बरं म्हणावं.’ त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

हे पत्र पान्यांच्या फडक्यात गुंडाळून ठेवणार आहे, दुसरं कुठं पाठवू? ही गोष्ट मी घरात पुष्कळदा सांगितलीय. तुमच्या मुलाला सांगितलीय, आज सुनेलाही सांगितली. तिनं विचारलं, मम्मी, एवढं विचारलं त्यांनी, सरळ ‘हो मामा’ का नाही म्हणालात? मी नेहमी सांगते तेच सांगितलं, अगं, नर्स होती, दोन पाहुणे बसले होते, सगळ्यांसमोर कसं बोलणार?

मामा, त्या खोलीत कुणीही नव्हतं.