नातीची जागा मागच्या सीटवर

दादा, परवा माझी नात, तुमची पणती, पहिल्यांदा घरी आली, बीडच्या दवाखान्यातून केजला, माझ्या लेकाच्या गाडीतून. त्या दिवशी तुम्ही फार आठवलात, आणि खरं सांगायचं तर तुमचा थोडा रागही आला.

मी लहान होते तेव्हाचं ते दुष्काळाचं साल. ऊसच नाही म्हणून सहकारी कारखान्याचं गाळप लवकर बंद पडलं, पण चेअरमनसाहेबांची जीप चारा छावण्यांकडं रोज धावायची आणि ती चालवायचे तुम्ही. एकदा मलाही बरोबर नेलंत. साहेबांना धारूरला सोडून आपण परत निघतो, मागच्या बाकावर माझी भुणभुण चालू असते, शेवटी तुम्ही मला पुढं मांडीवर घेता. स्टेअरिंगवर माझे हात, त्यावर तुमचे. घाट उतरताना मी शेळ्या बघायला मान वळवते, तर तुम्ही खेकसता, "म्होरं बघ गं! गाडी तू हाकतीस ना?" त्या बोलण्यानं मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पुढं बसणं म्हणजे मान, हे आपल्याकडं अजून तसंच आहे. चेअरमन पुढं, नवरदेव पुढं, आणि पहिल्यांदा घरी येणारं बाळही पुढं, वडीलधाऱ्याच्या मांडीवर.

परवा दवाखान्याच्या दारात तुमचा थोरला, माझा भाऊ, बाळाला मांडीवर घ्यायला पुढच्या सीटवर हात पसरून बसलेला. माझ्या लेकानं मागं बाळाची सीट गाडीच्या पट्ट्यानं घट्ट बांधली होती, तोंड मागच्या काचेकडं करून. तो म्हणाला, "मामा, पुढं एअरबॅग आहे. गाडी आदळली की ती दणक्यानं फुगते. मांडीवरचं लेकरू तिच्यात आणि तुमच्यात चेंगरेल." थोरला उसळला, "दादानं हिला मांडीवर घिऊन धारूरचा घाट उतरलाय. काय झालं का हिला? लई शिकलात तुमी!" सून बाळाला छातीशी धरून उन्हात उभी, कुणाचं ऐकावं तिला कळेना. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी धडधाकट समोर उभी होते, याहून मोठा पुरावा त्याला कशाला हवा? तुमची माया माझ्या नातीच्या जिवावर उठली होती, दादा.

मग मी म्हणाले, "दादानीच मला सांगितलं हुतं. लेकरू घिऊन म्होरं बसू नगं. घाटात तवा माझं चुकलं, म्हनले."

थोरल्यानं पसरलेले हात खाली घेतले. तुमचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. बाळ मागं सीटमध्ये, शेजारी सून आणि मी, दोघी पट्टा लावून. थोरल्यानं आपला पट्टा पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवला, गाडीची टुणटुण थांबावी म्हणून. "फुगा हाय की, पट्टा कावून?" लेकानं गाडी सुरूच केली नाही. "पट्टा नसला तर माणूस त्या फुग्यावरच जाऊन आदळतो, मामा." कुरकुरत का होईना, त्यानं तो छातीवरून घेतला. नेकनूर येईपर्यंत बाळ झोपून गेलं.

दादा, तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. चारचौघांत मी तुमच्या तोंडी चूक घातली, आणि ते खोडून काढायला तुम्ही आता हयात नाही. फार वाईट वाटलं. तरी हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. थोरल्याला कळलं, तर बाळाला लसीचा डोस द्यायला नेताना तो पुन्हा हात पसरून पुढं बसेल.