फोनला हळूच विचारलेलं

अण्णा,

तोंडावर बोलता येईना म्हणून लिहून ठेवतेय. गिरणीतल्या आवाजाने तुमचे कान गेले. फोनला आपण हळूच विचारतो असं तुम्हाला वाटतं, पण लघवीतून रक्त जातंय हे काल पार गॅलरीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. फोनने उष्णता सांगितली म्हणून महिनाभर सब्जा पीत बसलात? मी सून, मला नाही सांगवलं, पण अभयला तरी सांगायचं! शेवटी मुलगा आहे तुमचा.

त्याने आज सुट्टी टाकलीय. तुम्हाला परळला हॉस्पिटलात नेईल. चपाती-भाजी झाकून ठेवलीय, खाऊन निघा. सब्जा मी फेकलाय, शोधू नका.

डॉक्टरांना सांगायची लाज वाटली, तर त्यांच्यासमोर फोनलाच हळूच विचारा. त्यांना ऐकू जाईल.

कीर्ती